आतून कडी

चारकोपच्या आमच्या सेक्टरात भर दुपारी कुणाचं दार बंद दिसलं, की लोक दोनच तर्क करतात. एक तर घरातली माणसं गावाला गेली असतील, नाहीतर आत भांडण चाललं असेल. एरवी दिवसभर दारं उघडी असतात. दाराला पडदा, पडद्याखाली चपला, आणि नुसत्या चपलांवरून कोण पाहुणं आलंय ते ओळखणाऱ्या बायका. मधे चौक आणि चारी बाजूंनी एकमेकींना चिकटलेल्या खोल्या, अशी आमची सोसायटी. मूळच्या बैठ्या खोल्यांवर जो तो सवडीने वरची खोली चढवत गेला. त्यामुळे एकाचा पत्रा दुसऱ्याच्या खिडकीखाली येतो, आणि वर झटकलेल्या चादरीची धूळ खालच्याच्या चहात पडते. त्यावरून भांडणं होतात आणि संध्याकाळपर्यंत मिटतातही. मला इथे राहायला आवडतं. टॉवरमध्ये राहायला गेलेल्या मैत्रिणी विचारतात, अजून तिथेच कशी राहतेस गं? मी फार समजावत बसत नाही.

अशा या उघड्या दारांच्या सोसायटीत आमचं दार आतून कडी लावून बंद ठेवायचा नियम मी केला. मागच्या रांगेतल्या एका घरात गॅसची नळी तपासायला म्हणून एक माणूस शिरला होता आणि म्हातारीचा मोबाईल घेऊन पसार झाला होता. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची. मी कामावर गेले की घरात एकटी. मी तिला बजावलं, मी नसताना दार बंद, आणि नुसतं लॅच नाही, आतून कडी लावायची. आई दोन आठवडे फुगून बसली होती. "दार लावून बसायला मी काय चोरी केली का?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पण मी हट्टाला पेटले की पेटते. शेजारच्या सुताराला सांगून जुनी खिळखिळी कडी काढून टाकली आणि अंगठ्याएवढ्या जाडीची पोलादी कडी बसवून घेतली. तो म्हणाला होता, "ताई, ही बसली ना, की हत्ती आला तरी परत जाईल." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

हा सुतार आणि त्याची बायको म्हणजे आमचं भिंतीपलीकडचं घर. दोघंही मढचे, ख्रिश्चन, घरात अस्सल मराठी बोलणारे. तो शूटिंगचे सेट उभे करतो. मढच्या बंगल्यांत नाहीतर अंधेरीच्या स्टुडिओत. बायको माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. माहेरी गेली की येताना आईसाठी बोंबील आणणार म्हणजे आणणारच. आईला ते दोघं मावशी म्हणतात. मला तो ताई म्हणतो. ती मला काहीच म्हणत नाही, नुसतं "ए" करते.

मी बोरिवलीला एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काढते. सकाळची पाळी असते, दीडला सुटते आणि दोनच्या पुढेमागे घरी येते. लग्न केलं नाही. का नाही केलं, हे विचारून विचारून सगळे थकले. आई अजून थकलेली नाही. आम्ही दोघी रोज सकाळी भांडतो, रोज दुपारी एकत्र जेवतो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. घरात आता दोनच माणसं, पण आवाज चौघांचा, असं शेजारीण म्हणते. खोटं नाही ते.

दिवाळीनंतर आई विहारातल्या बायकांबरोबर खाडीपलीकडे दहा दिवसांच्या ध्यान शिबिराला गेली होती. तिथे दहा दिवस मौन असतं. माझी आई दहा दिवस बोलली नाही, ही बातमी आमच्या चौकात कुणी खरी मानली नाही. परत आली ती मात्र बदलून आली. पहाटे पाच ते सहा आणि संध्याकाळी सात ते आठ ती वरच्या खोलीत आसन टाकून बसू लागली. एरवी तिची मालिका सातला लागायची. मालिका गेली, आसन आलं. शिबिरात काय काय शिकवलं ते तिला मला सांगायचं होतं. ती सांगायची आणि मी मोबाईलवर बोट फिरवत "हूं, हूं" करायची. त्यातलं निम्मंअधिक माझ्या कानावरून गेलं, हे आत्ताच कबूल करते.

तो शनिवार होता आणि पौर्णिमा होती. संध्याकाळी विहारात कार्यक्रम होता आणि खीर आमच्या घरून जायची होती. सकाळी निघताना आईने मला दारातून ओरडून सांगितलं, "येताना दोन लिटर दूध आण, आणि गायीचं आणू नको, पातळ असतं." मग आमचं नेहमीचं भांडण झालं. परभणीकडे तिच्या भावाचं गाव आहे. तिला तिथे जाऊन आठ दिवस राहायचं होतं आणि मला रजा मिळत नव्हती. खरं म्हणजे मिळत होती, मला जायचं नव्हतं. तिथे गेले की सगळ्या माम्या माझ्याकडे बघून उसासे टाकतात. मी म्हटलं, "बघू." आई म्हणाली, "तुझं बघू म्हणजे नाही असतं." मी चपला घालून निघून गेले.

दुपारी दोनला दहा मिनिटं कमी असताना रिक्षातून उतरले. एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्यात डबा. दाराशी आले, लॅचला किल्ली लावली, फिरवली. लॅच उघडलं आणि दार तसूभरही हललं नाही. आतून कडी. म्हणजे आई नियमाने वागली होती. मी बेल दाबली.

साधारण दुसऱ्या बेलला आमच्या लोखंडी जिन्यावर आईची पावलं वाजतात आणि "आले, आले, आग लागली का?" असं ऐकू येतं. त्या दिवशी दुसरी बेल झाली, तिसरी झाली. मी खिडकीकडे गेले. खालच्या खिडकीचा पडदा ओढलेला होता. दिवसा तो कधी ओढलेला नसतो. मी मोबाईल लावला. आतून रिंग ऐकू येत होती, टीव्हीच्या बाजूने. वाजून वाजून ती बंद पडली. पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद.

इथवर मी चिडले होते, घाबरले नव्हते. म्हटलं, बाथरूममध्ये असेल. पाच मिनिटं थांबले. मग दार वाजवलं, आधी बोटांनी, मग तळहाताने. "आई! ए आई! दार उघड!" आणि तिथे मी घाबरले. कारण माझ्या आईचे कान. चौकाच्या पलीकडच्या घरात कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, ते ती इथून सांगते आणि वर त्यांची डाळ कच्ची राहिली असणार असा निकालही देते. रात्री मी चोरून चिवड्याचा डबा उघडला तर वरून विचारते, "आत्ता?" या बाईला बेल ऐकू येत नाही, असं होऊच शकत नव्हतं. ऐकू येत असून ती उठत नसेल, तर उठता येत नसणार.

मी रक्त काढायचं काम करते, त्यामुळे अशा वेळी माझं डोकं माझ्याच विरुद्ध काम करतं. आईला बीपी आहे. गेल्या महिन्यात साखर थोडी वर होती. गोळी घेतली का सकाळी? घेतली असेल. घेतली नसेल तर? मोरीत पाय घसरला असेल तर? मला एकामागून एक सगळी कारणं सुचत होती, आणि प्रत्येक कारणाला लॅबमधला एखादा चेहरा आठवत होता.

शेजारीण पडदा सारून बाहेर आली. हाताला पीठ.

"काय झालं गं? दार का बडवतेस?"

"आई उघडत नाहीये. आतून कडी आहे."

"झोपली असेल."

"तिला बेल ऐकू येत नाही असं कधी झालंय?"

तिने पीठ गाऊनला पुसलं आणि माझ्या शेजारी उभी राहून दारावर दोन्ही मुठी आपटायला लागली. "मावशी! ओ मावशी! उघडा ना!" तिचा आवाज ऐकून तिचा नवरा बाहेर आला. शनिवारी त्याला सुट्टी होती, बनियनवर होता. हळूहळू चौकातली आणखी चार-सहा माणसं जमली. भर दुपारी बंद दार आणि बाहेर घरचं माणूस, हे तिसरं काहीतरी होतं आणि त्याला सेक्टरात तर्क नव्हता. प्रत्येक जण आईला शेवटचं कधी बघितलं ते सांगू लागला. एकीने अकराला बघितलं होतं, वेलची मागायला आली होती म्हणे. कुणी म्हणालं अग्निशमन दलाला फोन करा. कुणी म्हणालं आधी डॉक्टरला.

सुताराने दाराला खांदा लावला. एकदा, दोनदा. मग मागे सरून खांदा चोळत म्हणाला, "ताई, माझ्या दारांची सवय आहे ना मला, वाट लागली यार. आजवर इतकी दारं केली, सगळी लाथ मारली की पडणारी. हिरोला तोडायला. हे तुमचं दार सागवानी आहे आणि कडी मी बसवलीये."

"तूच बसवलीस ना, मग तूच काढ!" त्याची बायको त्याच्यावर खेकसली.

"आतून आहे ना ती! बाहेरून कशी काढणार? छिन्नी लावून चौकट फोडावी लागेल."

"मग फोड," मी म्हणाले.

"थांबा ताई, आधी वर बघतो. वरच्या खिडकीतून दिसतं का ते."

आमची वरच्या खोलीची खिडकी त्यांच्या पत्र्यावर उघडते. तो आतून सेटवरची ॲल्युमिनियमची शिडी घेऊन आला, भिंतीला टेकवली आणि चढायला लागला. बायको खालून ओरडत होती, पत्रा फुटला तर बघ, पावसात तुलाच वर झोपवते. लोक थोडे हसले. मला हसू आलं नाही. मी दाराच्या फटीला तोंड लावून एकसारखी ओरडत होते. काय ओरडत होते ते नंतर लोकांनीच मला सांगितलं. आई, दार उघड. आई, बोल काहीतरी. आई, आपण मामाकडे जाऊ, आठ दिवस नाही पंधरा दिवस राहू, मी रजा टाकते, उद्याच टाकते. आई, मी तुला परत कडी लाव म्हणणार नाही. आई, दूध आणलंय गं.

सुतार पत्र्यावर सांभाळून पावलं टाकत खिडकीशी पोचला. आमच्या त्या खिडकीला ग्रिल आहे, तिथून आत शिरता येत नाही. काच लावलेली होती. त्याने काचेला डोळे लावले, दोन्ही हातांनी उजेड अडवला आणि तसाच वाकून राहिला. खाली सगळ्यांच्या माना वर.

"दिसतात का?" खालून त्याच्या बायकोने विचारलं.

"हो."

"काय करतायत?"

त्याने काचेवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "बसल्यात. पांढरी साडी आहे. भिंतीला टेकून नाही, ताठ बसल्यात. डोळे मिटलेले."

"अरे मग हाक मार ना!"

त्याने काच वाजवली. "मावशी! मावशी, इकडे बघा!" मग जोरात वाजवली, बोटातल्या अंगठीने. काच खणखणली. मग तो आमच्याकडे वळला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. हा माणूस चौकात कुणाचीही टोपी उडवणारा.

"ताई," तो म्हणाला, "हलत नाहीयेत त्या."

मला पुढचं विचारायचं होतं. छाती हलतेय का, एवढंच बघ. साधा प्रश्न होता, मी कामावर असते तर पहिला हाच विचारला असता. तो माझ्या तोंडातून बाहेर आलाच नाही. माणसं बसल्या जागी जातात, हे मी पाहिलंय. आमच्याकडे बाकावर नंबरची वाट बघत बसलेले एक काका असेच गेले होते, ताठ, मांडीवर फाइल. मी दारापासून सरकत शेजारणीच्या पायरीवर जाऊन बसले, डोकं गुडघ्यांत घातलं. दुधाच्या पिशव्या तिथेच कुठेतरी पडल्या. मला सगळं ऐकू येत होतं, पण लांबून. सुतार धडाधड शिडी उतरला. छिन्नी आणा, हातोडा आणा, असा ओरडा झाला. शेजारीण दारावर दणके देत होती आणि मोठमोठ्याने येशूला आणि माझ्या आईला आळीपाळीने हाका मारत होती. जेवढी माणसं होती तेवढी सगळी ओरडत होती. मी तेवढी गप्प होते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. फार नसावा. सुताराने चौकटीला छिन्नी लावली आणि हातोडा उचलला, तेवढ्यात आतून कडी सरकली.

दार उघडलं आणि आई बाहेर आली. पांढरी साडी, केस विंचरलेले, चेहरा अगदी ठीक. सुताराचा हातोडा वरच्या वर राहिला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. शेजारणीकडे पाहिलं नाही. ती उंबऱ्यावर उभी राहून गर्दीत इकडून तिकडे नजर फिरवत होती.

"माझी पोरगी कुठं हाय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"अरे बोला ना, कुठं गेली ती? आत्ता तर वरडायली होती!"

शेजारणीने माझ्याकडे बोट दाखवलं. आई अनवाणी तशीच धावत आली, माझ्यासमोर बसली आणि माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. मी तिच्याकडे बघितलं. मला रडायला यायला हवं होतं. मी म्हणाले, "मेली होतीस का तू?"

"नाही," आई म्हणाली.

त्यावर सुतार जो हसत सुटला तो पायरीवरच बसला. त्याच्या मागून सगळा चौक. हातोडा हातात धरून हसणारा तो माणूस आणि कपाळावर पीठ लागलेली त्याची रडणारी बायको, दोघं एकाच वेळी मला दिसत होते. मग मीही रडले, आणि रडता रडता आईला बोलायला लागले, ते बराच वेळ थांबले नाही.

पुढचा अर्धा तास शेजारणीच्या घरी चहा झाला, कारण आमच्या घरी चहा करायच्या अवस्थेत कुणी नव्हतं. तिथे आईने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. संध्याकाळी सातला विहारात कार्यक्रम, म्हणजे तिची बैठक चुकणार. म्हणून तिने ती दुपारी उरकायचं ठरवलं. मी शनिवारी सामान घेऊन येते म्हणजे तीन वाजतील असा तिचा हिशेब. एकला अंघोळ केली, पौर्णिमेची पांढरी साडी नेसली, मोबाईल खाली ठेवला, कडी लावली, पडदा ओढला आणि दीडला बसली. आणि बसली ती अधिष्ठान घेऊन बसली.

"म्हणजे काय मावशी?" सुताराने विचारलं.

"ठरवून बसायचं. एक तास. डोळे उघडायचे न्हाईत, हात सोडायचे न्हाईत, पाय हलवायचे न्हाईत. काय बी होऊ दे."

"काय बी म्हणजे घरावर माणसं चढली तरी?"

"मुंगी चावली तरी. पाय मोडला असं वाटलं तरी. माणसं चढली तर त्याचं शिबिरात कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यातच आलं की."

सुताराने कपाळाला हात लावला. "म्हणजे मी काच वाजवत होतो ते..."

"ऐकू आलं ना. अंगठी काढून वाजवायची रे, काचेला चरा पडला असंल."

"आणि मी दार बडवत होते?" शेजारणीने विचारलं.

"ते बी. आणि तू त्याला पावसात वर झोपवणार, ते बी." मग आई माझ्याकडे वळली. "आणि हिने रजा टाकते म्हणलं, पंधरा दिवस, ते सगळ्या सोसायटीनं ऐकलंय. आता बघू म्हणायचं न्हाई."

लोक पुन्हा हसले. मी हसले नाही. मला राग आला होता, खराखुरा. शिबिराहून आल्यावर हे सगळं तिने मला सांगितलं होतं, हे तिथे बसल्या बसल्या मला आठवलं. तासभर न हलता बसायचं असतं, असं काहीतरी ती म्हणाली होती आणि मी मान हलवली होती. त्यामुळे माझा राग निम्मा माझ्यावरच होता. पण उरलेला निम्मा तिच्यावर होता आणि तो काही कमी नव्हता. एवढ्या हाका ऐकत ही बाई वर डोळे मिटून बसू शकली. माझ्या हाका.

घरी आलो, दार नुसतं लोटलं. आईने दूध उचलून आणलं होतं. ती पातेलं शोधायला लागली. मी दारापाशीच उभी राहून बोलले.

"तुला सगळं ऐकू येत होतं."

"हो."

"मी दाराला डोकं लावून ओरडत होते. ते ऐकू येत होतं."

"हो गं."

"मग उठली का नाहीस? मला काय वाटलं असेल याचा एकदा तरी विचार केलास? एवढं काय मोठं ते अधिष्ठान?"

आईने पातेलं ओट्यावर ठेवलं. तिला राग आला नव्हता. एरवी मी अशी बोलले असते तर भांड्यांचा खणखणाट झाला असता. ती मोरीच्या कडेवर बसली आणि पायाला मुंग्या आल्या होत्या तिथे चोळायला लागली.

"पहिली बेल वाजली ना, तेव्हा वाटलं उठावं," ती म्हणाली. "मग तू वरडायलीस. मला कळलं, आली पोरगी. सुखरूप आली. मग म्हणलं, असू दे. वरडती म्हणजे धड हाय. आता तिला जरा राग येईल, नंतर जाईल. तासच तर हाय."

मी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"तो वर चढला, काच वाजवली, तेव्हा बी म्हणलं, असू दे, समजावून सांगू. खाली तू वरडायलीसच. मामाचं म्हणायलीस. मला हसू यायलं होतं, ते दाबून धरलं." ती थांबली. "मग एकदम तुझा आवाज बंद झाला. बाकी सगळ्यांचा येत होता. त्या पोरीचा येत होता, त्याचा येत होता, समोरच्या काकूचा येत होता. तुझा येईना. मी थोडं थांबले. म्हणलं, दमली असंल, दम घेत असंल. तरी येईना. मग मी उठले."

मी घड्याळाकडे बघितलं, कशाला ते माहीत नाही.

"बारा मिनिटं राहिली होती," आई म्हणाली. "मोडलं माझं."

तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं, डाळ करपली असं सांगावं तसं. मग उठली, पाय झटकला आणि म्हणाली की मोडलेलं अर्धं पुढे चालवता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून तास बसावं लागतं, आणि विहारात जायला अजून वेळ आहे. "खीर तू कर. साखर कमी टाक, दरवेळी जास्त टाकतीस." लोखंडी जिना वाजवत ती वर गेली. वरच्या खोलीचा दिवा लागला आणि लगेच बंद झाला.

मी खाली एकटीच उभी राहिले. सगळीकडे शांत होतं. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या घरात असतं तसं, असायला हवं तसं. पण वर आईला माझा आवाज आला नाही की काय होतं, ते आता मला माहीत होतं. मी दूध तापायला ठेवलं. नळ पूर्ण सोडला. मांडणीवरची भांडी काढून ओट्यावर आपटत ठेवली. तांदूळ ताटलीत दणदणीत ओतले. वेलची खलबत्त्यात घालून कुटायला घेतली ती पार पावडर झाली तरी कुटतच राहिले, आणि मधे मधे खाकरत राहिले. रेडिओवरचं एक जुनं गाणं मला अर्धवट येतं, ते मी मोठ्याने म्हणायला लागले. माझा गळा वाईट आहे. चौकातल्या सगळ्यांना ते माहीत आहे.

दहा-पंधरा मिनिटांनी शेजारीण दार ढकलून डोकावली. तिने आधी माझ्याकडे, मग जिन्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "ए, हळू ना जरा! मावशी वर परत बसलीये ना?"

"हो," मी म्हणाले, "म्हणूनच," आणि कढई घासायला घेतली.